पिशवी उभी राहत नाही

१६ सप्टेंबर २००२, सोमवार

ही डायरी सोसायटीतून मिळालेली, मागच्या सालची. तारीख-वार जुळत नाहीत म्हणून वरचं खोडून मी माझ्या हातानं लिहिते. कुठंतरी ओकलं पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

आज मुरबाडला रत्नप्रभा मॅडमांकडे नमुन्याची पिशवी घेऊन गेले. मॅडम संस्थेत आहेत, बायकांना शिवणकामाच्या ऑर्डरी मिळवून देतात. वैशाखऱ्याहून सकाळची एसटी, बसायला जागा नाही, आणि पिशवीची इस्त्री मोडू नये म्हणून ती दोन्ही हातांवर आडवी धरलेली, तान्ह्या पोरासारखी. मॅडमांनी ती टेबलावर उभी केली. ती आधी वाकली, मग बसली, मग आडवी झाली. पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा मलाच लाज वाटली आणि मी तिचा बंद धरून ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "लक्ष्मी, शिवण छान आहे. पण शिबिरात लोक हिच्यात फायली ठेवणार, वह्या ठेवणार. टेबलावर ठेवली की उभी राहिली पाहिजे, आणि धुतली तरी तशीच राहिली पाहिजे. दसऱ्याच्या आत करून आणा. पास झाली तर नोव्हेंबरअखेर साठ पिशव्या, आणि त्यानंतर बारा महिने काम."

बारा महिने काम म्हणजे काय ते माझं मला माहीत. भात कापून झालं की आमच्याकडच्या बाया महादू मुकादमाच्या टोळीत गवत कापायला जातात. कापायचं, भारे बांधायचे, डोक्यावर घेऊन वखारीपर्यंत वाहायचे. गेल्या साली त्यातच माझी कंबर गेली. महिनाभर चुलीपुढं बसता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता ओझं उचलायचं नाही. डॉक्टरांना म्हणायला काय जातं. पिशवी उभी राहिली तर मी वखारीत जाणार नाही. नाही राहिली तर जावंच लागेल, दुसरा मार्ग नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पिशवी माझ्या एकटीची असती तर एवढा वैताग नव्हता. वाटणीत सासऱ्यांचं शिवणाचं मशीन आमच्याकडं आलं आणि कोळशाची इस्त्री पलीकडं गेली, पितळेची म्हणून मोठ्या सुनेला. म्हणजे शिवणार मी आणि इस्त्री करणार माझी जाऊ, रंभा. मॅडमांच्या कागदावर म्हणून दोघींची नावं. मधे एक भिंत, पुढं ओटी दोघींची एकच, आणि तीन वर्षं अबोला. गौरीच्या सणाला माझ्या माघारी गावातल्या सगळ्या बायांदेखत ती म्हणाली होती, लक्ष्मीनं शिवलेल्या ब्लाउजचा गळा ओघळतो. ते मी विसरलेले नाही.

निरोप नेतात-आणतात त्या आमच्या सासूबाई, बारकीबाई. एक महिना माझ्याकडं जेवतात, एक महिना तिच्याकडं, आणि दिवसभर ओटीवर बरोबर मधोमध बसतात. आज मी म्हटलं, "आई, तिला सांगा, मागल्या वेळची इस्त्री गाढव लोळल्यासारखी होती. कोपऱ्यांवर जरा जोर देत जा म्हणावं." आई गेल्या, थोड्या वेळानं आल्या, म्हणाल्या, "ती म्हणते, तुझा हात आता चांगला बसलाय गो."

मी बघतच राहिले. तिच्या तोंडून असलं कधी ऐकलं नव्हतं. काय माहीत, कोळशाचा धूर डोक्यात गेला असेल.

२१ सप्टेंबर, शनिवार

पिशवी कडक करायची म्हणजे खळ द्यायची, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. घरात तांदूळ आहे. पेज घट्ट शिजवली, गाळली, कापड त्यात बुडवून उन्हात टाकलं. कसलं ऊन, मधेच दोन सरी येऊन गेल्या, पळापळ झाली. पण वाळलं तेव्हा कापड वाजत होतं. पिशवी शिवली, जमिनीवर ठेवली, आणि उभी राहिली. मी तिच्याभोवती दोनदा फिरून बघितलं. ह्यांना हाक मारून दाखवली. हे म्हणाले, "पिशवी हाय, देव नाय. जेवायला वाढ."

२५ सप्टेंबर, बुधवार

पिशवी मऊ पडली. हवेतच पाणी आहे, ती काय करणार. वर आंबूस वास. आणि आज सकाळी बघते तर उंदरांनी बूड खाल्लं होतं. सबंध बूड. कापडाला नख लावलं नसतं त्यांनी, पण पेज दिलेलं कापड म्हणजे त्यांना जेवणाचं ताट. मी आपली उंदरांना वाढत बसले चार दिवस.

३० सप्टेंबर, सोमवार

ह्यांचं नाव ज्ञानेश्वर, आणि सगळं ज्ञान दुसऱ्याच्या कामात. म्हणाले, "युरियाची गोणी घाल आतून. पाणी लागत नाय, उंदीर खात नाय." म्हटलं, बरं. मांगरात, अवजारांच्या खोपटात, गोण्यांचा ढीग पडलाय. एक धुतली, कापली, कापड आणि अस्तर यांच्या मधे घातली. पिशवी पोलिसासारखी ताठ उभी राहिली. पांढऱ्या कापडातून 'युरिया' अशी निळी अक्षरं दिसत होती, पण म्हटलं रंगीत कापड घेऊ.

मग इस्त्रीला पलीकडं पाठवली.

पुढचं लिहायलाच नको. इस्त्री टेकवली, आतली गोणी वितळली आणि कापडातून वर येऊन इस्त्रीच्या बुडाला चिकटली. सगळ्या ओटीवर घाण वास. पलीकडची दुपारभर कागदावर मीठ पसरून त्यावर इस्त्री घासत होती, आणि मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम आपटत होती. मी विचारलं, "आई, काय म्हणते ती?" आई म्हणाल्या, "काय नाय. म्हणते, होतं असं कधीकधी."

होतं असं कधीकधी म्हणे. एवढी इस्त्री खराब झाल्यावर मी असं म्हटलं नसतं. मला जरा वाईटच वाटलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा मुरबाड. मॅडमांना सगळं सांगितलं. गोणीचं सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की मला रागच आला. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढून नीट समजावलं. शर्टाच्या कॉलरमधे घालतात ते कॅनव्हास घ्यायचं. दुकानात बक्रम म्हटलं तरी कळतं. कापड आणि अस्तराच्या मधे ते घालायचं, बुडाला दुहेरी. बुडाचे दोन्ही कोपरे तिरके शिवून आत घ्यायचे म्हणजे तळ चौकोनी होतो आणि पिशवी बसते. "आणि कापायच्या आधी दोन्ही भिजवायचं. कापडही आणि कॅनव्हासही. रात्रभर पाण्यात. नाहीतर पहिल्या धुण्यात एक आटेल आणि दुसरं आटणार नाही."

एवढं सोपं होतं तर पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं. पण हे मी बोलले नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पास. मॅडमांनी पिशवी माझ्यासमोर बादलीत बुडवली, पिळली, वाळवली, इस्त्री केली. वाळेपर्यंत मी बाहेर बाकावर बसून नखं खात होते. टेबलावर ठेवली, उभी राहिली. आत दोन जाड फायली घातल्या, तरी उभी. एसटीत मला जागाही मिळाली. घरी आल्यावर आईंना सांगितलं, आईंनी पलीकडं सांगितलं, आणि येऊन म्हणाल्या, "तिनं गूळ ठेवला देवापुढं." खरं असेल का?

१४ ऑक्टोबर, सोमवार

कापड आणि कॅनव्हासचा ताका आला. नमुन्याला हातभर तुकडा होता, मी घमेल्यात भिजवला होता. हा ताका घमेल्यात मावायचा नाही. भिजवायची मोठी दगडी डोण पलीकडच्या अंगणात, तीही वाटणीतच गेलेली. म्हणून कापड मी थोडं थोडं करून भिजवते, आणि कॅनव्हास मापाचा कागद लावून तिच्याकडं दिलं, भिजवून, इस्त्री करून, मापानं कापून परत द्यायला.

आईंना म्हटलं, "नीट सांगा तिला. कॅनव्हास रात्रभर डोणीत भिजत घालायचं म्हणावं. स्वतःची अक्कल चालवू नको. दुसऱ्याच्या ब्लाउजचे गळे बघत फिरायला येतं, तर एवढंबी येईल म्हणावं." आई खूप वेळ पलीकडं होत्या. हल्ली जेवतात पण तिकडंच, तिचा महिना आहे. आल्यावर विचारलं, सांगितलं ना? म्हणाल्या, "सांगितलं. ती म्हणते, दोघींनी मिळून करू, होईल सगळं."

संध्याकाळपर्यंत मी चार घमेली कापड भिजत घातलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

कापणी सुरू आहे. सकाळी शेतात, दुपारनंतर मशीनवर. बोटांना भाताची पाती लागून चिरा पडल्यात, दोरा त्यात अडकतो. कॅनव्हासचे तुकडे पलीकडून मापात कापून येतात, कडेला कड बरोबर. तिला काही येत नाही असं म्हणता येणार नाही. अठ्ठावीस झाल्या.

आज महादू मुकादम ओटीवर येऊन गेला. नावं लिहून घेतोय. मी म्हटलं, दिवाळीनंतर सांगते. तो म्हणाला, "बाय, मग जागा नाय राहायची." म्हटलं, बरं.

९ नोव्हेंबर, शनिवार

बेचाळीस पिशव्या झाल्या होत्या. सहज म्हणून एक धुतली.

वाळल्यावर तिच्यावर फोड आले. पापड भाजताना येतात तसे, सगळ्या अंगभर. आतलं कॅनव्हास आटलंय आणि वरचं कापड सैल पडलंय. दुसरी धुतली, तीही तशीच. तिसरी धुवायची हिंमत झाली नाही.

तिनं कॅनव्हास भिजवलंच नाही. मुद्दाम. मला वखारीत घालायला निघाली आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

आज मी तीन वर्षांनी तिच्या उंबऱ्याच्या आत गेले. दोन्ही फोडाळलेल्या पिशव्या तिच्या पुढ्यात टाकल्या आणि म्हटलं, "हे काय केलंत ताई?"

ती लसूण सोलत होती. तिनं पिशव्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला काय विचारतेस? तुझी शिवण."

"कॅनव्हास भिजवलं नाय तुमी."

"मी कशाला भिजवू? भिजवून आलेलं म्हणून तर मी कापलं."

"मी निरोप धाडला होता."

"मला कसला निरोप नाय."

"आईंना विचारा."

दोघी ओटीवर आलो. आई मधोमध बसल्या होत्या, पाय लांब करून. मी विचारलं, "आई, कॅनव्हास भिजवायला सांगितलं होतं ना मी? तुमी सांगितलं नाय?"

आई म्हणाल्या, "नाय."

"का नाय?"

"त्यात शिव्या होत्या. मी शिव्या नेत नाय."

मला वाटलं मी इथंच फिट येऊन पडणार. मी म्हटलं, "अहो, शिव्या ठेवायच्या इथं आणि बाकीचं न्यायचं होतं ना."

आई म्हणाल्या, "माझ्या डोक्यात तेवढ्याच राहिल्या. मग तिकडं जाऊन काय सांगू? म्हटलं, दोघी मिळून करा."

मग रंभाताईंनी विचारलं, "म्हणजे इस्त्री जळली तेव्हा हिनं माझी माफी मागितली, तुमच्यामार्फत, ते?"

मी म्हटलं, "मी? माफी? मी कधी मागितली? आणि तुमी म्हणालात ना, होतं असं कधीकधी?"

"मी असं म्हणाले? मी म्हणाले, हिच्या हाताला आग लावा."

"आणि देवापुढं गूळ?"

"कसला गूळ?"

असं एकेक करत तीन वर्षांचं सगळं निघालं. मी आजारी असताना तिनं विचारपूस केली होती म्हणे, ती केली नव्हती. तिचे वडील गेले तेव्हा मी रडले होते म्हणे, मी रडले नव्हते. आई सगळं ऐकत बसून होत्या आणि पदरानं मान पुसत होत्या. म्हातारीनं आम्हा दोघींना पोरींसारखं खेळवलं. मला भयंकर राग आला. आणि खरं लिहायचं तर 'तुझा हात चांगला बसलाय' हेही तिनं म्हटलेलं नव्हतं, त्याचं जास्त वाईट वाटलं. तेवढ्यावर मी दोन महिने मशीन मारत होते.

जाताना मी म्हटलं, "आणि तो गळ्याचा विषय, तो तरी खरा ना? का तोही आईंनीच?"

रंभाताई म्हणाल्या, "तो खरा. अजून ओघळतो."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस काही झालं नाही. बेचाळीस पिशव्या कोपऱ्यात. महादूला निरोप धाडायचा म्हणून ह्यांना सांगितलं, माझं नाव लिहून टाक म्हणावं. हे म्हणाले, "कंबरेचं काय?"

दुपारी रंभाताई आपणच आल्या. हातात एक उसवलेली पिशवी, सुई, आणि कॅनव्हासचा भिजवून इस्त्री केलेला तुकडा. म्हणाल्या, "बघ. आटलं ते बोटभर कमी पडतंय, शिवणीपर्यंत पोचत नाय. म्हणून शिवणीत धरूच नको. मधे ठेव, आणि गोधडीला घालतो तसे धावते टाके घाल, ओळीनं, तिन्ही थरांतून." तिनं दाखवलं. तिच्या गोधड्या गावात सगळ्यांकडं आहेत, हात भराभर चालतो. पाच ओळी झाल्या आणि कापड कडक झालं. मुठीत धरलं तरी चुरगळेना. कॅनव्हासपेक्षा टाक्यांनीच ते जास्त धरलं होतं.

मी म्हटलं, "बेचाळीस पिशव्यांना हातानं? वेड लागलंय का तुमाला?"

"उसव," ती म्हणाली.

महादूकडं ह्यांना पाठवलं नाही. अजून तरी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उसव, भिजव, वाळव, इस्त्री, टाके, शिव. कॅनव्हास दोरीवर टाकायचं नाही, तिरकं वाळतं, खळ्यावर सपाट पसरायचं, असं ताईंचं म्हणणं. मग कोंबड्या त्यावरून चालतात. मग कोंबड्यांवरून भांडण. दिवसभर भांडतो आम्ही. दोरा एवढा लांब का घेतलास, सुई कुठं टाकलीस, तिथं ओळ चुकली, उसव. मी म्हणते चालेल, ती म्हणते चालणार नाही. एकदा मी चिडून पिशवी फेकली, तर ती उभी पडली.

तीन वर्षांचं बोलणं साठलं होतं, ते सगळं शिव्यांतूनच बाहेर पडतंय. माझा घसा बसलाय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दोघी मुरबाडला गेलो, साठ पिशव्या दोन बोचक्यांत. मॅडमांनी वरून एक उचलली, तिच्यावरून हात फिरवला, ओळी बघितल्या. म्हणाल्या, "हे टाके नमुन्यात नव्हते." ताईंनी माझ्याकडं बघितलंच नाही, टेबलाकडं बघत होत्या.

मॅडमांनी पिशवी भिजवली. पिळली. आम्ही बाकावर. वाळेपर्यंत दोघींनी एकच वडापाव घेतला, त्यातली मिरची तिनं न विचारता घेतली. मग मॅडमांनी आत बोलावलं. टेबलावर पिशवी उभी होती, आत फायली नव्हत्या, काही नव्हतं, रिकामीच उभी होती.

चार परत दिल्या, बंद वाकडे म्हणून. बंद माझे होते, हे ताईंनी एसटीत अख्ख्या रस्त्यानं सांगितलं. बाकी घेतल्या. पुढच्या एकशेवीस. आणि टाके असेच हवेत.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी महादू ओटीवर आला. मी मशीनवर होते, तोंड उघडायच्या आत पलीकडच्या दारातून ताई म्हणाल्या, "ती नाय येणार. तिला टाइम नाय." महादू म्हणाला, तिला विचारू दे. ताई म्हणाल्या, "मी सांगतेय ना." तो गेला. मी मशीन थांबवलं नाही. पायच थांबेनात. हा हिवाळा माझी कंबर माझी आहे.

पण एक नवीच कटकट झाली आहे. आई गप्प आहेत. अमावास्येपर्यंत महिना माझ्याकडं आहे, पण अर्धीच भाकरी खातात. बरं नाही का विचारलं तर म्हणतात, मला काय झालंय. दिवसभर मधोमध बसून असतात, आणि आम्ही दोघी त्यांच्या डोक्यावरून ओरडत असतो. कुणी त्यांना काही सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. मला आधी रागच होता, म्हटलं, बसू दे. पण आज जेवताना त्यांनी ताट सरकवलं तेव्हा सहन होईना.

दुपारी ताई भिंतीपलीकडं इस्त्री करत होत्या. मी म्हटलं, "आई, जरा ताईंना सांगा, आज कोपरे चांगले बसलेत."

आई म्हणाल्या, "तूच सांग की. तोंडं हायत ना दोघींना."

"माझे हात गुंतलेत."

आईंनी पाय जवळ घेतले. मग भिंतीला धरून उठल्या, पदर सारखा केला आणि सावकाश पलीकडं गेल्या. आमची भिंत म्हणजे कुडाची, पलीकडचं सगळं ऐकू येतं. ताई म्हणाल्या, "एवढंच सांगायला म्हातारीला उठवलं तिनं? कोपरे चांगले हायत ते मला ठावं हाय. तिला म्हणावं, तुझे बंद अजून तिरकेच लागतात. डोळे उघडे ठेवून शिव."

आई परत आल्या. जागेवर बसल्या, पाय लांब केले, श्वास घेतला. मग म्हणाल्या, "ती म्हणते, दमली असशील गो. जरा चहा घे."

बरं, म्हटलं. चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत बंद उसवले.